जोसेफ व्हिटवर्थ : इंचाचे दहा लाख भाग मोजणारा माणूस

एक रायफल घ्या आणि लोखंडी स्टँडमध्ये पक्की आवळून टाका. म्हणजे नेमबाजाचा थरथरणारा हात, त्याचा श्वास, त्याची घाई हे सगळं हिशोबातून बाहेर गेलं. आता एकाच खोक्यातली दहा काडतुसं एकामागून एक उडवा. लक्ष्यावर सगळ्या गोळ्या एकाच भोकातून जायला हव्यात, बरोबर? जात नाहीत. दहा भोकं पडतात, थोडी इकडे, थोडी तिकडे. अंतर वाढवलं की ती आणखी पसरतात.

हा पसारा कुठून येतो, हा प्रश्न अचूक नेमबाजी करणाऱ्यांना आजही झोपू देत नाही. परदेशात हजारो लोक स्वतःची काडतुसं घरच्या टेबलावर हाताने भरतात, त्याला हँडलोडिंग म्हणतात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे हा लेख कृती सांगणारा नाही, कारणं सांगणारा आहे.) या लोकांचा बहुतेक वेळ दारू भरण्यात जातच नाही. तो जातो रिकाम्या पितळी पुंगळ्या एकमेकींसारख्या करण्यात. मोजायचं, घासायचं, पुन्हा मोजायचं.

या वेडाचा मूळपुरुष शोधायला गेलं तर आपण मँचेस्टरला पोहोचतो, एका शिक्षकाच्या मुलापाशी. त्याचं नाव जोसेफ व्हिटवर्थ. नाव ओळखीचं वाटलं नाही तरी त्याने ठरवलेलं माप बहुतेक आज सकाळीच तुमच्या हाताखालून गेलंय. ते कसं, ते पुढे येईल.

व्हिटवर्थचा जन्म २१ डिसेंबर १८०३ चा, मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टचा. वडील चार्ल्स शाळा चालवायचे आणि पुढे धर्मोपदेशक झाले. जोसेफ दहा-अकरा वर्षांचा असताना आई गेली. चौदाव्या वर्षी त्याला काकाच्या सूतगिरणीत शिकायला पाठवलं. गिरणीचा धंदा शिकून पुढे भागीदार व्हावं असा घरच्यांचा बेत होता. पोराला कापसात काडीचा रस नव्हता, यंत्रांत मात्र जीव अडकला. गिरणीतलं एकूण एक यंत्र कसं चालतं हे त्याने समजून घेतलं आणि त्याला दिसलं की यंत्रं फार ढोबळ बनवलेली आहेत. चार वर्षांनी तो तिथून सटकला आणि मँचेस्टरच्या एका कारखान्यात साधा मेकॅनिक म्हणून लागला.

१८२५ मध्ये त्याने फॅनी अँकर्सशी लग्न केलं आणि दोघं लंडनला गेले. त्या काळी यंत्रं बनवणारी यंत्रं, म्हणजे लेथ, ड्रिल, रंधा मारणाऱ्या मशिनी शिकायच्या तर लंडनमध्ये हेन्री मॉडस्लीचा कारखाना हेच विद्यापीठ होतं. तिथे व्हिटवर्थ लागला. नंतर होल्टझाफेलकडे आणि मग जोसेफ क्लेमेंटकडे काम केलं.

क्लेमेंट हे नाव आपण संगणकवाल्यांनी लक्षात ठेवायला हवं. चार्ल्स बॅबेजचं डिफरन्स इंजिन प्रत्यक्ष बनवायचं काम याच क्लेमेंटकडे होतं. त्या यंत्राच्या आराखड्यात सुमारे २५,००० भाग होते, आणि एकाच प्रकारची दातेरी चाकं शेकड्याने लागणार होती. एकसारखी, म्हणजे खरोखर एकसारखी. एक चाक जरा जाड झालं की आकडा पुढे सरकताना यंत्र अडकणार. १८३३ मध्ये पैशांच्या वादात काम थांबलं आणि बॅबेजचं यंत्र अपुरं राहिलं. पण त्या कामामुळे तिथल्या कारागिरांना एक गोष्ट हाताने कळली होती : एक भाग उत्तम बनवणं वेगळं आणि हजार भाग सारखे बनवणं वेगळं. दुसरं कितीतरी पटींनी अवघड. आपल्याकडेही एकदा चालणारा कोड कोणीही लिहितो, दर वेळी तसाच चालणारा लिहायला घाम निघतो.

१८३३ मध्येच व्हिटवर्थ मँचेस्टरला परतला, भाड्याने जागा घेतली आणि टूलमेकर म्हणून पाटी लावली. पाटीवर आपण लंडनहून आलोय हे लिहायला विसरला नाही. पुण्याहून शिकून आलेला आपला कारागीर गावात दुकान टाकताना करतो तेच.

सारखेपणाची पहिली पायरी त्याच्या मते सपाट पृष्ठभाग ही होती. मोजणार कशाच्या आधाराने? ज्या पट्टीवर ठेवून मोजायचं तीच वाकडी असेल तर सगळंच वाकडं. पण अगदी सपाट प्लेट बनवायची कशी, जेव्हा तपासायला आधीची सपाट प्लेटच नाही? कोंबडी आधी की अंडं, असा प्रकार. यावरची युक्ती इतकी साधी आहे की मला ती पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं. दोन प्लेट एकमेकींवर जुळवल्या तर एक थोडी फुगीर आणि दुसरी तेवढीच खोलगट असूनही त्या घट्ट बसू शकतात. पण तीन घ्या. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा आळीपाळीने जुळवत जा. पहिली फुगीर असेल तर दुसरी खोलगट हवी आणि तिसरीही खोलगट हवी. मग दुसरी आणि तिसरी एकमेकींना लावल्या की दोन खोलगट समोरासमोर येतात आणि चोरी पकडली जाते. तिन्ही एकमेकींशी जुळतील अशी एकच अवस्था असते, तिन्ही सपाट.

मॉडस्लीच्या कारखान्यात अशा प्लेट आधीपासून वापरात होत्या. व्हिटवर्थने त्यात भर घातली ती पद्धतीची. तोपर्यंत लोक प्लेट एकमेकींवर वाळू-एमरीने घासायचे. तो म्हणायचा की घासण्याने कुठे किती झिजतंय यावर ताबाच राहत नाही. त्याने गेरूसारखा रंग तेलात कालवून एका प्लेटला लावला, दुसरी तिच्यावर ठेवली आणि जिथे रंग लागला तो उंचवटा स्क्रेपरने हाताने खरवडला. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. १८४० मध्ये त्याने ग्लासगोच्या सभेत हे जाहीरपणे मांडलं. आजही आयटीआयच्या फिटरला सरफेस प्लेटवर रंग लावून उंचवटे शोधायला शिकवतात, ते हेच.

पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, त्याने हात घातला आट्यांना.

त्या वेळी इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे स्क्रूचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. रेल्वेचं इंजिन शंभर मैलांवर बंद पडलं की मूळ कारखान्यातूनच बोल्ट मागवायचा. व्हिटवर्थने काय केलं? त्याने देशभरच्या चांगल्या कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. आट्याचा कोन ५५ अंश, माथा आणि तळ गोलसर. कोणत्या जाडीला इंचात किती आटे याचा तक्ता : पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२, एक इंचाला ८. बस्स.

५५ हा आकडा कुठल्या सिद्धांतातून आलेला नाही. तो सगळ्यांच्या मध्ये येत होता म्हणून घेतला. प्रत्येक कारखान्याला आपली सवय थोडीशीच बदलावी लागणार होती, त्यामुळे कोणी फार कुरकुर केली नाही. रेल्वे कंपन्यांनी तो घेतला आणि वीसेक वर्षांत ब्रिटनमध्ये तोच सर्वमान्य झाला. इंजिनिअरिंगमधली स्टँडर्ड बनवणारी समिती कशी चालावी याचा हा मला सगळ्यात आवडणारा नमुना आहे. समिती नव्हतीच, एकटा माणूस होता, म्हणूनही असेल.

आणि इथेच तुमचा सकाळचा संबंध येतो. आमच्या चिखलीत, बुलढाणा रोडच्या असो की जालना रोडच्या, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात जा आणि अर्ध्या इंचाची तोटी मागा. तिचे आटे ५५ अंशांचे असतात, इंचात १४. एक इंचाच्या जीआय पाइपला इंचात ११. पाइपांसाठीची ही ब्रिटिश मालिका व्हिटवर्थच्या ५५ अंशांवरूनच तयार झाली आणि भारतीय मानकातही तोच कोन राहिला. म्हणून चिखलीत घेतलेली तोटी मेहकरच्या पाइपला टेफ्लॉन टेपचे चार वेढे देऊन मुकाट्याने बसते. विहिरीवरच्या पंपाचा निपल, स्प्रिंकलरचा जोड, घरातला बेसिनचा नळ, सगळीकडे हा माणूस आहे. (अर्ध्या इंचाच्या तोटीचे आटे मोजले तर बाहेरून जवळपास २१ मिलिमीटर भरतात, अर्धा इंच कुठेच सापडत नाही. कारण नाव पाइपच्या आतल्या भोकावरून पडलंय. हार्डवेअरच्या दुकानातले निम्मे वाद यावरूनच होतात.) फोनच्या ट्रायपॉडचा स्क्रूही पाव इंच, २० आट्यांचा. त्याचा कोन पुढे अमेरिकी पद्धतीने ६० अंशांचा झाला, पण जाडी आणि आटे तेच राहिले. आणि जुन्या बुलेटवर काम केलेला मिस्त्री असेल तर त्याला विचारा, मेट्रिक पाने का चालत नाहीत ते. त्या गाडीचं रॉयल एनफिल्ड हे नावसुद्धा पडलं ते एनफिल्डच्या सरकारी रायफल कारखान्याला सुटे भाग पुरवल्यामुळे. म्हणजे फिरून आपण रायफलीवर आलो.

पण त्याआधी दहा लाखांची गोष्ट. १८५१ च्या लंडनच्या जंगी प्रदर्शनात व्हिटवर्थने जे मोजमापाचं यंत्र मांडलं ते इंचाचा दहा लाखावा भाग दाखवू शकत होतं. माणसाच्या केसाच्या जाडीचे दोन-अडीच हजार काप केले तर एक काप साधारण एवढा भरेल. यंत्राचं गणित शाळेतल्या गुणाकाराचं आहे. एका स्क्रूला इंचात २० आटे. तो स्क्रू फिरवणाऱ्या चाकाला २०० दाते. त्या चाकाला एकेक दाता सरकवणाऱ्या तबकडीवर २५० खुणा. २० गुणिले २०० गुणिले २५०, झाले दहा लाख. तबकडी एक खूण फिरवली की टोक इंचाच्या दहा लाखाव्या भागाने पुढे.

फिरवणं सोपं आहे, पण टोक टेकलं हे कळणार कसं? हाताने दाबलं तर दर वेळी दाब वेगळा, माप वेगळं. व्हिटवर्थने वस्तू आणि टोक यांच्यामध्ये एक लहानशी सपाट पोलादी पट्टी ठेवली. पट्टी एका बाजूने उचलून सोडायची. फट असेल तर ती स्वतःच्या वजनाने खाली पडते. एक खूण पुढे गेलं की अडकून तशीच राहते. माणसाच्या बोटाचा अंदाज हटवून त्याने ते काम गुरुत्वाकर्षणाला दिलं. यंत्राला हात लावला की हाताच्या उबेनेही धातू फुगतो आणि माप बदलतं, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं.

असं यंत्र रोजच्या कामाला कोणी वापरत नाही. पण त्यावरून बनवलेली गेज वापरतात : एक दट्ट्या, एक कडी. दट्ट्या कडीत गेला तर भाग पास, नाही गेला तर नापास. कामगाराला आकडा वाचायची गरजच नाही. क्रिमियाच्या युद्धात ब्रिटिश आरमाराला घाईने ९० गनबोटी हव्या होत्या. जॉन पेनच्या कंपनीने नमुन्याच्या इंजिनांचे भाग निरनिराळ्या कारखान्यांना वाटून दिले आणि ९० इंजिनं ९० दिवसांत उभी राहिली अशी या पद्धतीची ख्याती आहे. वेगवेगळ्या गावांत बनलेले भाग एकत्र आणले आणि बसले, कारण सगळ्यांची मापं आणि आटे एक होते.

त्याच युद्धामुळे सरकार रायफलीसाठी व्हिटवर्थच्या दारात आलं. १८५४ ची गोष्ट. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल सैन्याला द्यायची होती, पण बंदुका एकसारख्या निघत नव्हत्या. एकाच नमुन्यावरून बनवलेल्या दोन बंदुकांतली एक छान मारा करायची, दुसरी नाही. का, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. सरकारने व्हिटवर्थला विचारलं, रायफली बनवायची यंत्रं करून देशील का?

यंत्रं विकणाऱ्या माणसाला एवढी मोठी ऑर्डर चालून आलेली. त्याने उत्तर दिलं ते असं की चांगली रायफल कशामुळे चांगली होते हे मलाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, तेव्हा आधी प्रयोग करू. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट. आज एखाद्या क्लायंटला हे सांगून बघा.

मँचेस्टरच्या रशोममध्ये त्याच्या घराच्या आवारात सरकारी खर्चाने ५०० यार्ड लांबीची बंदिस्त गॅलरी बांधली. छत, भिंती, आत वाऱ्याची झुळूकही नाही. ती वादळात कोसळली, पुन्हा उभी केली, आणि १८५५ मध्ये प्रयोग सुरू झाले. वाटेत ठरावीक अंतरांवर पातळ कागदाचे पडदे टांगलेले. गोळी सगळ्यांना भोक पाडत जाते आणि मग पडदे बघून तिची वाट आखता येते, ती कुठे डगमगली तेही दिसतं. हायस्पीड कॅमेरा यायच्या कितीतरी आधीची ही युक्ती. आम्ही कोडमध्ये जागोजागी लॉग टाकतो, त्याचं हे जुनं रूप म्हणा.

तो एका वेळी एकच गोष्ट बदलत गेला. नळीची जाडी, आतल्या खाचांचा आकार, पेच, गोळीची लांबी. एनफिल्डच्या नळीचं भोक ०.५७७ इंच आणि पेच ७८ इंचांत एक फेरा. नळीच ३९ इंचांची, म्हणजे गोळी बाहेर पडेपर्यंत जेमतेम अर्धी गिरकी घ्यायची. व्हिटवर्थ शेवटी येऊन थांबला तो ०.४५१ इंचाच्या षटकोनी भोकावर आणि २० इंचांत एक फेरा या पेचावर. गोळीचं वजन एनफिल्डइतकंच, ५३० ग्रेन, म्हणजे साधारण ३४ ग्रॅम. पण नळी बारीक झाल्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब झाली. लांब गोळी हवेत कमी अडते, पण नीट गिरकी नसेल तर कोलमडते. भोवरा जोरात फिरतो तोवर उभा राहतो, तसंच. म्हणून पेच घट्ट. गोळीही षटकोनी, नळीत नटासारखी बसणारी.

एप्रिल १८५७ मध्ये हाइथ इथे दोन्ही रायफलींची चाचणी झाली. तारखेकडे लक्ष द्या. त्याच्या काहीच दिवस आधी, २९ मार्चला, बराकपूरला मंगल पांडे यांनी बंड केलं होतं, ते याच एनफिल्डच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून पेटलेल्या असंतोषात. इकडे ते काडतूस दाताने तोडायला शिपाई नकार देत होते आणि तिकडे इंग्लंडमध्ये त्याच रायफलीचा नेम मोजला जात होता.

निकाल असा. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट भरकटल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. सेंटिमीटरमध्ये सांगायचं तर ६८ विरुद्ध ११. ८०० यार्डांवर ४.११ फूट विरुद्ध १ फूट. १,४०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या इतक्या विखुरल्या की मोजण्यात अर्थच उरला नाही, व्हिटवर्थ अजून मोजता येत होती.

तरी सैन्याने ती घेतली नाही.

कारणं दोन-तीन सांगितली गेली. किंमत एनफिल्डच्या कित्येक पट. बारीक भोकात काळ्या दारूची काजळी लवकर साचायची आणि मग घट्ट बसणारी गोळी समोरून ठोकून भरणं मुश्कील व्हायचं. म्हणजे जो नेमकेपणा तिची ताकद होता तोच चिखलात, पावसात, घाबरलेल्या शिपायाच्या हातात अडचण झाला. व्हिटवर्थला हा निर्णय फार लागला आणि सरकारी समित्यांशी त्याचं भांडण पुढे तोफांपर्यंत, आर्मस्ट्राँगच्या स्पर्धेपर्यंत चाललं. त्याच्या चाहत्यांना यात नुसता सरकारी आडमुठेपणा दिसतो. मला समितीचीही बाजू पटते. त्यांना लाखभर बंदुका हव्या होत्या. गंमत बघा, आट्यांच्या बाबतीत व्हिटवर्थने सगळ्यांना थोडं थोडं जमेल असं सरासरी माप दिलं आणि ते जगभर पसरलं. रायफलीच्या बाबतीत त्याने उत्तम काय ते दिलं, आणि ती मोजक्या हातांत राहिली.

ते हातही बघण्यासारखे. २ जुलै १८६० ला विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचं उद्घाटन राणी व्हिक्टोरियाने केलं, स्टँडवर बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून. ४०० यार्डांवर गोळी मध्यापासून जेमतेम दीड इंचाच्या आत लागली. मग १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेच्या सैन्याने थोड्या व्हिटवर्थ रायफली नाकेबंदी चुकवून नेल्या आणि निवडक नेमबाजांना दिल्या. ९ मे १८६४ ला उत्तरेचा जनरल जॉन सेजविक दुरून आलेल्या गोळीने पडला, ती गोळी व्हिटवर्थची होती असं मानलं जातं.

त्याच युद्धाने अमेरिकेचा कापूस अडवला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावची बाजारपेठ त्याच काळात फुगली आणि १८७० मध्ये खास कापसासाठी जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला. म्हणजे ज्या युद्धात मँचेस्टरची रायफल मिसिसिपीच्या बाजूने झाडली जात होती, त्याच युद्धामुळे बुलढाणा जिल्ह्याचा कापूस मँचेस्टरला जात होता. तेव्हा तिथे गिरण्यांचं निम्मं यंत्रजगत व्हिटवर्थच्या आट्यांवर आवळलेलं.

आता पुंगळीकडे येऊ. व्हिटवर्थने आपल्या रायफलीसाठी मोजून घेतलेली दारू, वंगणाची चकती आणि गोळी एकाच कागदी नळीत बसवलेली काडतुसंही केली होती, म्हणजे शिपायाने अंदाजाने दारू ओतायचा प्रश्न मिटला. पण खरा बदल १८६० च्या दशकात झाला, जेव्हा वुलविचच्या एडवर्ड बॉक्सरने पितळी काडतूस आणलं. पितळी पुंगळी बार होताना फुगते, नळीच्या मागच्या भागाला गच्च चिकटते आणि धूर मागे येऊ देत नाही. मग पुन्हा थोडी आक्रसते म्हणून बाहेर काढता येते. तिच्या बुडाशी दिवाळीच्या टिकलीसारखी ठिणगीची टोपी असते. हँडलोडिंग करणारे आजही बॉक्सरच्याच नावाची टोपी पसंत करतात, कारण तिच्यासाठी पुंगळीला मधोमध एकच भोक असतं आणि जुनी टोपी एका काडीने ढकलून काढता येते.

आणि फुगलेली पुंगळी पुन्हा वापरायची म्हटलं की व्हिटवर्थचा सगळा संसार परत मांडावा लागतो. दर बाराला पितळ थोडं लांबतं, म्हणून सगळ्या पुंगळ्या एका लांबीला कापायच्या. गळ्याची जाडी एका बाजूला जास्त असेल तर गोळी तिरकी बसते, म्हणून गळा खरवडून सारखा करायचा. पुंगळी फिरवत डायल गेजखाली धरायची आणि काटा किती हलतो ते बघायचं. गळ्याचं पितळ वारंवार ठोकून कडक होतं, मग ते गोळीला दर वेळी वेगळ्या जोराने धरतं, म्हणून ठरावीक उष्णता देऊन नरम करायचं. बुडाचं भोक आतून साफ करायचं, कारण तिथल्या कचकडीमुळे ठिणगी एका पुंगळीत सरळ जाते आणि दुसरीत तिरकी. पुंगळ्या तोलून गट पाडायचे, कारण बाहेरून सारखी असूनही जड पुंगळी आतून लहान असते आणि तेवढ्याच दारूला जास्त दाब येतो.

एवढं का करायचं? साधं गणित. गोळी सेकंदाला ८०० मीटरने निघाली तर १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर जायला १.१४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती ६.४० मीटर खाली येते. वेग ७९० झाला तर ६.५७ मीटर. हवेचा विरोध बाजूला ठेवूनसुद्धा १६ सेंटिमीटरचा फरक, हवा धरली तर आणखी. वेगातला हा सव्वा टक्का फरक एखाद्या पुंगळीच्या आवळ गळ्यातूनही येऊ शकतो. वेग ८०० असो की ७९०, नेमबाजाला चालतं, तो दुर्बीण तशी लावून घेतो. त्याला नको असतो तो एकदा ८०० आणि एकदा ७९०.

कारखान्यात हेच काम दट्ट्या आणि कडी करतात. १८६९ पासून चालू असलेला खडकीचा दारूगोळा कारखाना असो की आमच्या मलकापूरच्या पलीकडचा, भुसावळजवळचा वरणगावचा, लाखोंनी निघणाऱ्या काडतुसांना गेजमधून जावंच लागतं.

ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल घेतली. तिच्या नळीचं भोक ०.४५० इंच होतं आणि पेच २२ इंचांत एक. व्हिटवर्थचे आकडे जवळजवळ तसेच आले, षटकोन मात्र गेला.

तोवर व्हिटवर्थ १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो आणि १८६९ मध्ये सर झाला होता. पुढे त्याने तोफांसाठी वितळलेलं पोलाद साच्यातच दाबून आतल्या हवेच्या पोकळ्या घालवायची पद्धत बसवली. स्वभावाने चिडका, स्पष्टवक्ता आणि समित्यांना न आवडणारा असा त्याचा लौकिक होता. १८६८ मध्ये त्याने वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या, अट एकच की मुलाला पुस्तकही यायला हवं आणि कानस-लेथही. २२ जानेवारी १८८७ ला मॉन्टे कार्लोमध्ये तो वारला. मूलबाळ नव्हतं. संपत्तीतून मँचेस्टरला बाग, कलादालन, रुग्णालयाला मदत असं बरंच उभं राहिलं, आणि दहा वर्षांनी त्याची कंपनी विलीन झाली ती आर्मस्ट्राँगच्याच कंपनीत. शिष्यवृत्ती अजून चालू आहे.